कमोडची सीट हलतेय? कोणी पडण्याआधी पाना हातात घ्या

घरातला पंखा बंद पडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होतो. मोबाइलची काच फुटली तर महिन्याच्या आत बदलते. पण संडासातली कमोडची सीट हलायला लागली, तर ती सहा-सहा महिने तशीच हलत राहते. घरातले तरणेताठे लोक सवयीने तोल सांभाळून बसतात आणि उठून कामाला जातात. दिवसातून पाच-सहा वेळा त्या सीटवर बसावे लागते ते आजीला, गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आईला, लकवा मारलेल्या काकांना, दिवस भरत आलेल्या लेकीला. ती माणसे तक्रार करत नाहीत. संडासाबद्दल काय बोलायचे, असे त्यांना वाटते.

आता आपल्या अनेक घरांत कमोड आलेला आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत खोली मिळालेल्या कुटुंबांनी म्हाताऱ्या माणसांसाठी तो बसवून घेतला. वस्तीत राहणाऱ्यांनी देशी भांड्यावर ठेवायचा स्टूल किंवा कमोड खुर्ची आणली. सोय झाली, पण तिची देखभाल कशी करायची हे कोणी सांगितले नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधाऐवजी नट-बोल्टविषयी बोलू या. हे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे आणि कोणालाही जमते.

पडणे ही किरकोळ गोष्ट नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे, जगभरात अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल दुसरा क्रमांक पडण्याचा आहे. त्यात सर्वाधिक मृत्यू साठीच्या पुढच्या लोकांचे होतात. संडासाची जागा अरुंद असते, फरशी ओली असते आणि धरायला काही नसते. माणूस खाली बसताना शेवटचे दोन-चार इंच शरीर सोडून देतो. नेमकी त्याच वेळी सीट डावी-उजवीकडे सरकली, की तोल जातो आणि सगळे वजन एका कुशीवर येते.

पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. अशा वयात साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. मग बहुतेक वेळा ऑपरेशन करावे लागते. अंथरुणावर पडून राहिले तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. आदल्या दिवशीपर्यंत स्वतःचे सगळे स्वतः करणारी बाई दुसऱ्याच्या हातावर येते.

कोणी पडलेच आणि उठता येत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल, तर पाय ओढू नका, तेल लावून चोळू नका, चालवून बघू नका. आहे तसे आडवे ठेवा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

न पडताही नुकसान होते. सीटची भीती बसली की म्हातारी माणसे पाणी कमी पितात. ‘आता रात्री उठायला नको’ म्हणून संध्याकाळनंतर पाण्याला हात लावत नाहीत, लागली तरी धरून ठेवतात. त्यातून बद्धकोष्ठ होते आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. घरातल्या आजींनी अचानक पाणी कमी केले असेल तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी एकदा संडासात जाऊन सीट हलवून बघा.

आधी पाहा, हलतेय नेमके काय

दोन्ही हातांनी सीट धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. आता खालचे भांडे धरून हलवा. फक्त सीट हलत असेल तर काम घरच्या घरी होते.

पण सगळे भांडेच डुलत असेल, त्याच्या बुडाशी पाणी झिरपत असेल किंवा भोवतीच्या सिमेंटला भेगा पडल्या असतील, तर सीट कितीही आवळून उपयोग नाही. जमिनीतले स्क्रू सैल झालेले असतात किंवा पाइपचा जोड सुटलेला असतो. त्याला प्लंबरच लागतो. तो येईपर्यंत म्हाताऱ्या माणसाला त्या कमोडवर बसवू नका. चिनी मातीच्या भांड्यालाच तडा गेला असेल तर ते वापरणे लगेच थांबवा. वजनाखाली भांडे फुटले तर त्याच्या धारदार तुकड्यांनी खोल जखमा होतात.

सीट घट्ट कशी करायची

साहित्य थोडेच लागते: एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड किंवा फिरता पाना, हातमोजे, जुने फडके आणि बॅटरी. आधी सीट आणि तिची मागची बाजू साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा.

सीट मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर बसलेली असते. बिजागरीतून एक लांब बोल्ट भांड्याच्या भोकातून खाली जातो आणि खालून नट त्याला धरून ठेवतो. पुष्कळदा हा नट प्लास्टिकचा असतो आणि हाताने फिरवण्यासाठी त्याला दोन कान असतात. वरून बोल्टचे डोके छोट्या झाकणाखाली लपलेले असते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ते झाकण अलगद उचला.

आता सीट भांड्यावर बरोबर मधोमध आणा. एका हाताने वरून बोल्टचे डोके स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवा, दुसऱ्या हाताने खालचा नट फिरवा. खालून बघितले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नट आवळला जातो आणि उलट दिशेने सुटतो. एकच बाजू पूर्ण आवळू नका. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे आळीपाळीने करा, म्हणजे सीट तिरकी बसत नाही.

हाताने जेवढा आवळेल तेवढा आवळा, मग पान्याने फार तर पाव फेरा द्या आणि थांबा. जोर लावून आवळले तर चिनी मातीला तडा जातो आणि शंभर रुपयांचे काम हजारोंवर जाते.

पंधरा दिवसांत सीट पुन्हा सैल झाली तर दोष बहुधा वायसरचा असतो. नट आणि भांडे यांच्यामध्ये रबरी वायसर असावा लागतो. तो झिजला किंवा कडक झाला की पकड राहत नाही. सॅनिटरीच्या दुकानात सीटचे नट-बोल्ट-वायसर वेगळे मिळतात. जुना बोल्ट खिशात घालून जा आणि त्याच मापाचे आणा.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. सीट उलटी करून पाहा. तिच्या पोटाला चार छोटे रबरी ठोकळे असतात. त्यांच्यावर वजन तोलले जाते. त्यातला एखादा पडला की बसताना सीट त्या बाजूला दबते, सगळा ताण बिजागरीवर येतो, बोल्ट सुटतात आणि शेवटी सीट तडकते. ठोकळा निघाला असेल तर चारही एकाच जाडीचे बसवा. कागदाची घडी किंवा चिंधी खाली सारून काम भागत नाही. ती भिजते आणि घाण धरते.

तडा गेला असेल तर बदलाच

तडकलेल्या सीटला फेविक्विक लावणे, एम-सील भरणे, वरून चिकटपट्टी गुंडाळणे हे उपाय सगळीकडे दिसतात. ते टिकत नाहीत. माणूस बसला की फट उघडते, उठला की मिटते आणि मांडीची कातडी तिच्यात चिमटते. मधुमेह असलेल्या माणसाची अशी जखम लवकर भरत नाही. शिवाय फटीत घाण साचते, ती ब्रशने निघत नाही. तडा केसाएवढा असला तरी सीट बदलायची, हा नियम ठेवा. साधी प्लास्टिकची सीट काही शे रुपयांत येते.

दुकानात तिला ‘सीट कव्हर’ म्हणतात. जाण्याआधी तीन मापे कागदावर लिहून घ्या:

- मागच्या दोन भोकांमधले अंतर, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत.
- त्या दोन भोकांच्या रेषेपासून भांड्याच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी.
- भांडे जिथे सर्वात रुंद आहे तिथली रुंदी.

भांड्याचा वरून एक फोटो काढून घ्या, कारण काही भांडी अंड्याच्या आकाराची, काही गोल तर काही मागून चौकोनी असतात. भांड्यावर कंपनीचे नाव असेल तर तेही लिहा. भांड्याच्या दोन्ही बाजू खालपर्यंत बंद असतील आणि खालून नटापर्यंत हात पोचत नसेल, तर दुकानदाराला तसे सांगा. अशा भांड्याला वरून आवळायचे बोल्ट लागतात.

सीट घेताना तळहाताने दाबून पाहा. पातळ आणि आतून पोकळ सीट दाबताच वाकते, ती जड माणसाखाली टिकत नाही. घरात मोतीबिंदूमुळे किंवा वयामुळे कमी दिसणारे कोणी असेल तर पांढऱ्या भांड्यावर पांढरी सीट घेण्यापेक्षा निळी किंवा गडद रंगाची घ्या. कुठे बसायचे ते त्यांना नीट दिसते. हळूहळू मिटणारे ‘सॉफ्ट क्लोज’ झाकण थोडे महाग पडते. त्यात लहान मुलांची बोटे चेंगरत नाहीत, पण ते हाताने दाबून मिटवू नका, त्याने आतली यंत्रणा बिघडते.

जुना बोल्ट गंजून बसला असेल तर त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबा. तरीही सुटला नाही तर हॅक्सॉ ब्लेडने कापावा लागतो. कापण्याआधी भांड्यावर जाड चिकटपट्टी लावा आणि डोळ्यांवर चष्मा घाला. हातोडी मात्र चुकूनही मारू नका.

फुटलेली सीट कचऱ्यात टाकताना तिच्या धारदार कडा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीने बांधा आणि घंटागाडीवरच्या माणसाला सांगून द्या. तो कचरा हाताने उचलणारा, निवडणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच कोणीतरी असतो.

कमोड खुर्ची आणि स्टूल

घरात जागा नाही किंवा संडास सार्वजनिक आहे, अशा ठिकाणी पाइपची कमोड खुर्ची किंवा प्लास्टिकचा स्टूल वापरतात. त्याची तपासणी वेगळी आहे.

चारही पायांना रबरी बूट आहेत का ते पाहा. बूट झिजून आतला पाइप फरशीला टेकला, की ओल्या लादीवर खुर्ची घसरते. हे बूट सर्जिकल साहित्याच्या दुकानात आणि पुष्कळदा हार्डवेअरच्या दुकानातही सुटे मिळतात. पायांची उंची कमी-जास्त करायची कळ असेल तर चारही पाय एकाच भोकावर अडकलेत ना ते बघा. खुर्ची शक्यतो पाठीमागे भिंत येईल अशी ठेवा.

प्लास्टिकचा स्टूल उन्हात राहिला की ठिसूळ होतो. तो पांढरट पडला असेल, दाबल्यावर कडकड आवाज येत असेल, तर तो टाकून द्या. आणि साध्या प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून तिचा कमोड करू नका. भोक पाडल्याने तिची ताकद जाते, कापलेली कड कातडीला लागते आणि वजनाने पाय फाकतात.

बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत. ही म्हाताऱ्या आणि ऑपरेशन झालेल्या माणसांसाठी योग्य उंची. खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झाले असेल तर किती उंच सीट हवी हे दवाखान्यातून सुट्टी घेतानाच विचारून घ्या.

आधारासाठी भिंतीला लोखंडी किंवा स्टीलचा दांडा लावला तर फार उपयोग होतो, पण भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी आणि दांडा फिशर घालून स्क्रूने पक्का बसवलेला हवा. पत्र्याच्या भिंतीला दांडा लावू नका. तिथे दोन्ही बाजूंना हात टेकायला पट्ट्या असलेली कमोड खुर्चीच बरी. नळ, टॉवेलची दांडी किंवा फ्लशची टाकी धरून उठायची सवय मोडा. या वस्तू माणसाचे वजन पेलण्यासाठी नसतात.

सीटवर पाय देऊन बसू नका

देशी पद्धतीची सवय असलेले पाहुणे, लहान मुले, कधी घरातली मोठी माणसेही कमोडवर उकिडवी बसतात. सीट सैल होण्याचे आणि तडकण्याचे हे एक मोठे कारण आहे. ओल्या पायाने घसरले तर डोके भिंतीवर आपटते, भांडे फुटले तर पाय कापतो. पोट साफ व्हायला गुडघे वर लागतात असे वाटत असेल, तर धडधाकट माणसाने कमोडवर बसून पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा. काम झाल्यावर पाट बाजूला सरकवून ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला तोच आडवा येईल.

साफसफाई आणि गैरसमज

सीट रोज साबणाच्या पाण्याने पुसली तरी पुरते. भांड्यासाठीचे आम्लाचे टॉयलेट क्लीनर सीटवर आणि बिजागरीवर ओतू नका, त्याने धातू गंजतो. ते क्लीनर आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद संडासात तो जीवावर बेतू शकतो.

एकाच सीटवर बसल्याने एचआयव्ही होतो, गुप्तरोग होतात, अशी भीती अजून घातली जाते. हे खोटे आहे. एचआयव्ही सीटवरून पसरत नाही. या भीतीपोटी घरातल्या आजारी माणसाला वेगळे काढू नका. जुलाब, कावीळ, जंत यांचा प्रसार होतो तो न धुतलेल्या हातांमुळे आणि दूषित पाण्या-अन्नामुळे. म्हणून सीट दुरुस्त झाल्यावर शेजारी साबण आहे ना, तेही बघा.

संडास सार्वजनिक असेल तर

वस्तीच्या शौचालयात अपंग व ज्येष्ठांसाठी कमोडची एखादी खोली असते, पण पुष्कळ ठिकाणी तिची सीट गायब असते किंवा खोलीला कुलूप असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार सार्वजनिक सोयी दिव्यांगांना वापरता येण्याजोग्या असल्या पाहिजेत. मेहेरबानी मागायची गरज नाही. मुंबईत वस्ती स्वच्छता कार्यक्रमातून बांधलेल्या शौचालयांची देखभाल वस्तीतल्याच संस्थेकडे असते. आधी त्या संस्थेला सांगा. काम झाले नाही तर प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात शौचालयाची जागा, खोली, बिघाड आणि तारीख लिहा, सोबत फोटो जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. पुढच्या खेपेला तीच पोच दाखवता येते.

हे काम कोणाचे?

संडासाचे काम हलके, ते कोणीतरी दुसऱ्याने करावे, ही समजूत या देशाला जातीने शिकवली. हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्ध 1993 आणि 2013 मध्ये कायदे करावे लागले ते त्यामुळेच. जन्मावरून काम वाटून देण्याची रीत आपण नाकारली. मग तीच रीत आपल्या घरात सुनेच्या आणि लेकीच्या वाट्याला का यावी? सीट पुसायची सुनेने, आजींना नेऊन बसवायचे सुनेने आणि सैल झालेला नटही तिनेच सहन करायचा, असे होऊ नये. घरातल्या मुलाने, नातवाने हातमोजे घालून पाना हातात घ्यावा. प्लंबरला बोलावले तर त्याच्या कामाचे ठरलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत.

प्रत्येक घरी पाना-पक्कड असेलच असे नाही. विहारात किंवा मंडळाच्या खोलीत एका पिशवीत पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हॅक्सॉ ब्लेड आणि थोडे रबरी वायसर ठेवले तर सगळ्या गल्लीला पुरतात. मंडळातल्या दोन-चार पोरांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जावे आणि चार गोष्टी बघाव्यात: सीट हलते का, तडा आहे का, खालचे रबरी ठोकळे आणि पायांचे बूट जागेवर आहेत का, धरायला काही आहे का.

आणि आजच करण्यासारखे म्हणजे, हे पान खाली ठेवले की आपल्या घरातली सीट दोन्ही हातांनी एकदा हलवून पाहा. मग घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारा, “तिथे बसताना भीती वाटते का?” उत्तर लगेच येणार नाही. थोडा वेळ थांबून पुन्हा विचारा.